काढलेल्या भिंतीच्या जागी: अमळनेरच्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

१७ मार्च २०२५

जुन्या पेठेतलं घर. रुंदी १८ फूट, खोली ६० फूट, म्हणजे १०८० चौरस फूट. साधारण १०० चौरस मीटर. पुढचे २५ फूट धाब्याचे: दगड-मातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) आणि त्यावर खारी माती. मग १५ फुटांचा चौक. मागचे २० फूट विटांचे, नऊ इंची भिंती आणि पाच इंची स्लॅब. हा भाग आप्पांनी नव्वदच्या दशकात बांधला. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक.

आप्पा निवृत्त शिक्षक. काम काढलंय धाकट्या मुलाने. लग्न ठरलंय, वर एक खोली हवी, खाली मोठा हॉल हवा, पुढे दुकानाचा गाळा हवा. जानेवारीत मिस्त्री लावला. नकाशा नाही, इंजिनिअर नाही, परवानगी नाही. गेल्या आठवड्यात नगरपालिकेची नोटीस आली: काम थांबवा, विनापरवाना बांधकाम एक महिन्यात काढा. मग मला फोन आला.

आतापर्यंत झालेलं असं. मागच्या दोन खोल्यांमधली १८ फुटी भिंत मधोमध १२ फूट फोडलीय. टोकांना तीन-तीन फूट शिल्लक. तिच्या जागी बीम नाही, काही नाही. स्लॅब तसाच वर. स्लॅबवर नव्या खोलीच्या नऊ इंची भिंती चढल्यात, आणि त्या खोलीचे दोन भाग करणारी साडेचार इंची भिंत नेमकी खालच्या फोडलेल्या भिंतीच्या रेघेवर उभी केलीय. पुढे ओटा काढून चार कॉलम उभे केलेत आणि गल्लीवर तीन फूट आलेला सज्जा ओतलाय. धाबं गळतं म्हणून दर वर्षी नव्या मातीचा थर टाकत आलेत. आज मोजला तर काही ठिकाणी १४ इंच भरला.

आजच्या आज करण्यासारखं एकच काम होतं: टेके देणं. सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी जॅक मागवले. फोडलेल्या भिंतीच्या रेघेपासून दोन्ही अंगांना दोन फुटांवर एकेक रांग, खाली फरशीवर जाड फळ्या, वर सलग चौरस लाकूड. जॅक फक्त हाताने आवळले. मिस्त्री पाइप घालून पिळायला निघाला होता, त्याला थांबवलं. झोल आलेला स्लॅब एका दमात वर रेटला तर वरच्या अंगाने तडकतो. आहे तिथे धरून ठेवायचा, सध्या एवढंच. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली: स्लॅब मधोमध २२ मिलिमीटर खाली आलाय.

मागच्या खोल्यांत कोणी झोपायचं नाही. टेके लागले तरी नाही.

१८ मार्च

भिंत किती ओझं घेत होती ते धाकट्याला कागदावर दाखवायचं होतं. रात्री हिशेब मांडला.

पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३१० किलो. कोबा-फरशी धरून आणखी १००. राहत्या घरात माणसं आणि सामान यांचा भार मानकाप्रमाणे २०० किलो धरतात. झाले ६१०. फोडलेल्या १२ फुटांवर दोन्ही खोल्यांचा निम्मा-निम्मा स्लॅब टेकत होता, म्हणजे १२ बाय १० फूट, अकरा चौरस मीटरच्या थोडं वर. एकूण पावणेसात टन. वरची साडेचार इंची भिंत पूर्ण उंचीला गेली आणि दोन्हीकडून गिलावा झाला की मीटरला ८०० किलोच्या घरात; १२ फुटांना जवळजवळ तीन टन. मिळून साडेनऊ टनांच्या वर. परवापर्यंत त्याखाली मोकळी हवा होती.

पण वजनापेक्षा सळयांची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दोन खोल्यांवरचा स्लॅब सलग ओतलेला. मधल्या भिंतीवर तो टेकतो तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून भिंतीजवळ निम्म्या सळया क्रँक करून, म्हणजे तिरक्या वाकवून, वर घेतात. हे बरोबरच आहे, त्या काळच्या मिस्त्रीने नीट केलंय. आता भिंत काढली की तीच जागा २० फुटी गाळ्याची, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराची, मधली जागा झाली. ताण खालच्या अंगाला आला, आणि खाली सळया निम्म्याच. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोल सोळापट. स्लॅब अजून जागेवर आहे तो टोकांच्या तीन-तीन फूट भिंतीमुळे आणि आप्पांनी त्या वेळी लोखंडात हात आखडता न घेतल्यामुळे.

धाकटा बराच वेळ कागद बघत बसला. मग म्हणाला, "पण मिस्त्री म्हणाला होता, वर स्लॅब आहे, काही होत नाही." मिस्त्रीला विचारलं तर त्याचं उत्तर सरळ होतं: "इतला वरीस झायात काम करी राहिनू, एकबी घर पडनं नही." खोटं बोलत नाही तो. पण घर बांधणं वेगळं आणि उभ्या घराची भिंत काढणं वेगळं. बांधताना खालून वर जायचं असतं, चूक झाली तर दिसते. काढताना वरचं ओझं कुठून कुठे जातंय हे डोळ्यांना दिसतच नाही.

२० मार्च

उत्तरेकडच्या अक्कांच्या घरी गेले. सामायिक भिंतीला त्यांच्या बाजूने भेग आहे, स्लॅबच्या पातळीपासून तिरकी खाली, वर रुंद आणि खाली केसाएवढी. अक्का एकट्या राहतात. त्यांची खाट त्याच भिंतीला.

"माय, रातले भिंतमा कडकड आवाज व्हस. माले झोप येत नही," म्हणाल्या. मग माझा हात धरून विचारलं, "तू इंजिनेर शे ना? मंग सांग, मी आठे झोपू का नही?"

खाट हलवायला सांगितलं, दुसऱ्या खोलीत. मी आणि धाकट्याने मिळून हलवली. नोटीस आली ती अक्कांच्या अर्जावरून, हे धाकट्याला आत्ताच कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी त्याला तिथेच सांगितलं की त्यांनी अर्ज केला म्हणून आपण वेळेत पोचलो. सामायिक भिंतीला धरून असलेलं काम कोणाचंच खाजगी नसतं. फोडणाऱ्याला हॉल मिळतो, शेजाऱ्याला भेग मिळते, आणि शेजाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. माझ्या मते परवानगी या गोष्टीचं सगळ्यात मोठं काम हेच आहे: हातोडा पडायच्या आधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांची बाजू कागदावर येते.

भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या, शेजारी तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. जुनी पद्धत आहे, स्वस्त आहे आणि अक्कांनाही स्वतः बघता येते. रोज सकाळी बघून धाकट्याला सांगायचं असं ठरलं.

२२ मार्च

कागदांचा दिवस.

धाकट्याचं म्हणणं, आतलं काम आहे, त्याला परवानगी लागत नाही. कुठून तरी ऐकून आलाय, आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते धोक्याचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये घराच्या आतल्या दुरुस्ती-सुधारणेला सूट दिलेली आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या असल्या कामांना परवानगी नको. पण भार घेणारी भिंत काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्याने घराचा तोलच बदलतो. आणि वरची खोली, पुढचे कॉलम, गल्लीवरचा सज्जा यांना तर आतलं काम म्हणायची सोयच नाही.

मला मनापासून वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा प्लॉट १५० चौरस मीटरच्या आतला. अशा छोट्या जागेसाठी नियमावलीने वाट अगदी सोपी केलीय. मालकीचे कागद, मोजणी नकाशा, नियमात बसणारा आराखडा आणि तो नियमात बसतो असा जाणकाराचा दाखला जोडायचा, शुल्क भरायचं. त्या पावतीलाच परवानगी मानतात. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत मंजुरीची तरतूद आहे. पेठेतली बहुतेक घरं या दोन मापांत बसतात. लोकांना मात्र वीस वर्षांपूर्वीचे हेलपाटे आठवतात आणि ते फाइल करायच्या आधीच मिस्त्री बोलावतात. धाकट्याला ही सोय माहीत असती तर जानेवारीत कोणीतरी इंजिनिअर आराखड्यासाठी घरात आला असता, आणि पहिला प्रश्न त्याने त्या मधल्या भिंतीबद्दलच विचारला असता.

आता पुढचं. कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत बांधकाम ठेवू देण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीच्या जोरावर ते बांधकाम पाडलं जात नाही. अर्ज करायचा. पण सगळं ठेवा असा अर्ज करायचा नाही. जे नियमात बसतं आणि जे सुरक्षित करता येतं तेवढंच मागायचं, बाकीचं आपण होऊन काढायचं. आप्पांना हे पटलं.

२८ मार्च

धाकट्याबरोबर दोन तास. त्याचा मुद्दा: सगळेच करतात, नंतर सगळं रेग्युलर होतं.

नाही होत. त्याला एकेक करून सांगितलं. २०१७ साली अधिनियमात ५२-अ हे कलम घातलं आणि अनधिकृत बांधकामांना तडजोड शुल्क भरून नियमित व्हायची सोय दिली, पण ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये मुदत वाढवली, तीही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची. २०२५ च्या जानेवारीत फोडलेल्या भिंतीला यातलं काहीच लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की बांधकाम जुनं झालं, पैसा गुंतला, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, यांतलं कुठलंही कारण अनधिकृत बांधकामाला कायदेशीर करत नाही. त्याच निकालात बँकांनाही सांगितलंय की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं. शेवटच्या मुद्द्यावर तो गप्प झाला. दुकानासाठी कर्ज काढायचं त्याच्या डोक्यात होतं.

३ एप्रिल

पुढच्या चार कॉलमांपैकी एकाचं कव्हर, म्हणजे सळयांवरचं काँक्रीट, फोडून पाहिलं, बाकीचे सळई शोधणाऱ्या यंत्राने तपासले. कॉलम ९ बाय ९ इंच. आत १० मिलिमीटरच्या चार सळया. मानक आयएस ४५६ प्रमाणे कॉलममध्ये १२ मिलिमीटरपेक्षा बारीक उभी सळई चालत नाही आणि लोखंड कॉलमच्या क्षेत्रफळाच्या किमान ०.८ टक्के लागतं. इथे लागतं ४१८ चौरस मिलिमीटर, आहे ३१४. रिंगा दहा-दहा इंचांवर आणि त्यांची टोकं आत वळवलेली नाहीत. पाया अडीच फूट, काळ्या मातीतच. मुरूम लागेपर्यंत कोणी खणलंच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर टेकलेला कॉलम तिच्याबरोबर वरखाली होतो.

कॉलम आणि सज्जा दोन्ही जाणार. सज्जा तसाही गल्लीच्या मध्यरेषेपासून सोडायच्या अंतरात बसत नव्हता.

मिस्त्रीला बाजूला घेऊन घाटकोपरची गोष्ट सांगितली. २५ जुलै २०१७. दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारत तोलणाऱ्या भागांना हात लावल्याचं पुढे आलं. वरच्या मजल्यांवरच्या माणसांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. मिस्त्री बराच वेळ बोलला नाही. मग त्याने टेक्यांच्या खालच्या फळ्या एकेक करून पुन्हा तपासल्या. मी सांगितलं नव्हतं.

९ एप्रिल

अर्ज दाखल. आहे तसा नकाशा, करायचा तसा नकाशा, संरचना अभियंत्याचा हिशेब, मालमत्ता पत्रक, नोटिशीची प्रत, अक्कांच्या बाजूच्या भेगेचे फोटो. शेवटची गोष्ट कोणी मागितली नव्हती, मी जोडली.

मागणी एवढीच: खालचा हॉल, फोडलेल्या भिंतीच्या जागी लोखंडी तुळई घालून. वर एक खोली, नऊ इंची भिंतींवर नऊ इंची भिंत, छत पत्र्याचं, स्लॅब नाही. दुकानाचा गाळा सोडून दिला. पुढचं धाब्याचं घर जसं होतं तसं.

आप्पांची मोठी सून म्हणाली, पत्र्याखाली मे महिन्यात माणूस कसा राहील? प्रश्न खरा आहे. आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. म्हणून साधा पत्रा नाही, मध्ये फोम भरलेलं दुहेरी पॅनल, आणि समोरासमोर खिडक्या. खर्च वाढतो. पण स्लॅबचं वजन वाचतं, आणि या घराला आज वजन वाचवणं जास्त गरजेचं आहे.

२२ एप्रिल

पाडकाम. वरची साडेचार इंची भिंत हाताने, वीट-वीट, वरून खाली. ब्रेकर लावू दिला नाही. हादरे सामायिक भिंतीत जातात. सज्जा तुकड्या-तुकड्याने, खाली गल्ली दोन्ही टोकांनी अडवून.

आणि धाबं. या कामात मिस्त्रीने मला शिकवलं. माती १४ इंचांवरून ६ इंचांवर आणायची होती. मी फक्त वजनाचा विचार करत होते: पुढच्या ४५० चौरस फुटांवर एक इंच सुकी माती म्हणजे पावणेदोन टन, आठ इंच काढली की चौदा टन कमी, आणि भिजल्यावर तर फरक अजून मोठा. मिस्त्री म्हणाला, माती नुसती काढून चालणार नाही, वरची माती खारी नाहीच, कोणीतरी शेतातली काळी आणून टाकलीय, म्हणून तर गळतं. त्याने थर उघडून दाखवला. खाली जुना पांढुरका थर, गच्च; वर काळा थर, भेगाळलेला. खारी माती भिजली की चिकट होऊन फट बुजवते, पाणी खाली जाऊ देत नाही. काळीला सुकताना भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट कडीपाटावर. म्हणजे गळती थांबवायला दर वर्षी टाकलेली मातीच गळती वाढवत होती.

काळी सगळी उचलली. नवी खारी नदीकाठच्या एका जुन्या जागेवरून आणली. पन्हाळीकडे उतार काढून, पाणी मारून, चोपून बसवली. हे काम मिस्त्रीने आणि त्याच्या बापाने केलं. सत्तरी उलटलेला माणूस, चोपणीचा आवाज ऐकून थर बसला की नाही सांगतो. धाब्याचं काम जाणणारी माणसं पेठेत आता मोजकी उरलीत, आणि त्यांच्या हातून हे काम जाऊन स्लॅब ओतायची घाई सगळ्यांना झालीय. हे धाबं अजून चाळीस वर्षं सहज जाईल. मे महिन्यात त्याच्याखाली पंख्याशिवाय बसता येतं.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मजूर आजच गावी गेले. काम बंद. काचा शाबूत.

१० मे

अटींसह मंजुरी आली. अटी अपेक्षेप्रमाणे: गल्लीकडे काहीही पुढे काढायचं नाही, वर स्लॅब नाही, काम अभियंत्याच्या देखरेखीखाली, पूर्ण झाल्यावर दाखल्यासाठी अर्ज. शुल्क भरलं. परवा एकादशीला सखाराम महाराजांचा रथ होता, यात्रेची गर्दी अजून आहे, पेठेत टेम्पो येत नाही. खडी-वाळू पौर्णिमेनंतर.

१६ मे

तुळईखालच्या दोन कॉलमांचे पाये. मूळ माप ४ बाय ४ फूट होतं, ते ३ बाय ५ केलं, म्हणजे खड्डा सामायिक भिंतीपासून दीड फूट लांब राहतो. फोडलेल्या भिंतीचा जुना पाया तेवढ्या जागेतून काढला. मुरूम साडेपाच फुटांवर लागला. अक्कांच्या भिंतीचा पाया मात्र तीन फुटांवरच संपतो, दगड आणि माती. म्हणजे आपण शेजाऱ्याच्या पायापेक्षा खोल गेलोय. म्हणून एका वेळी एकच खड्डा, बाजूंना फळ्या, आणि खणल्या दिवशीच तळाचं काँक्रीट.

दुपारी चारला अवकाळी पाऊस. यंदाचा मे असा कधी पाहिला नाही. खड्ड्यावर ताडपत्री आधीच बांधलेली होती, कडेने मातीचा बांध घातलेला होता. तरी धाकटा आणि मी पाऊस थांबेपर्यंत तिथेच. चौकातलं पाणी पन्हाळीखाली बादल्या लावून वळवलं. भिंतीकडची कड जागेवर राहिली.

२० मे

कॉलम ओतले, ९ बाय १२ इंच, १२ मिलिमीटरच्या सहा सळया, रिंगा सहा इंचांवर, टोकं आत वळवून. एम-२० काँक्रीट. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून ठेवले. गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी. सेंट्रिंगवाला म्हणतो, पाऊस पडतोय, पाणी कशाला मारता. पाऊस वरून पडतो, कॉलमच्या बाजू कोरड्या राहतात; मारायचं.

३ जून

तुळई चढवली. आयएसएमबी २५०, म्हणजे आय आकाराची २५० मिलिमीटर उंच, मीटरला ३७ किलो, एकूण दीडशे किलोच्या वर. वरची भिंत काढल्यावर ओझं सात टनांच्या आत आलंय, पण हिशेब दहा टनांचा धरला. उद्या कोणी मला न विचारता वर भिंत चढवली तरी तुळईने ती घ्यावी.

आठ माणसं, दोन चेन-पुली. गल्लीतून फिरत नव्हती, चौकातून उभी करून आत घेतली. जागेवर बसवल्यावर तुळई आणि स्लॅबमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटी मसाल्याने, भरली, कोपऱ्यापर्यंत, हाताने ठासून. फट राहिली तर तुळई शोभेची. स्लॅब आधी खाली येणार आणि मग तिच्यावर टेकणार. ग्राउट भरताना मिस्त्रीला टॉर्च धरून एकेक फूट तपासू दिला. त्याने दोन जागा काढल्या जिथे पोकळ आवाज येत होता. पुन्हा भरल्या.

जॅक अजून काढायचे नाहीत. २८ दिवसांचा क्यूब येऊ द्या.

१८ जून

क्यूबचा निकाल आला. ताकद हवी तेवढीच नाही, थोडी वर.

जॅक काढले. मधल्यापासून सुरुवात, मग दोन्ही टोकांकडे, प्रत्येक जॅक अर्धा फेरा सैल करून थांबायचं, लेव्हल बघायची, मग पुढचा. घाईने एक टोक मोकळं केलं तर उरलेल्या टेक्यांवर अचानक ओझं येतं. सगळे निघेपर्यंत संध्याकाळ झाली. हिशेबात तुळई तीन मिलिमीटर वाकायला हवी होती, वाकली दोन. आधीचा २२ मिलिमीटरचा झोल तसाच राहील, तो उलटा करायचा प्रयत्न करणार नाही.

अक्कांच्या बाजूच्या काचा शाबूत आहेत. त्यांना बोलावून हॉल दाखवला. तुळईला हात लावून म्हणाल्या, "हाई धरी ठेवी का?" मी म्हटलं, धरेल. भेग चुन्याच्या पातळ गाऱ्याने भरायची, वरून सिमेंट थापून लपवायची नाही. लपवली तर पुढे हललेली कळणार नाही. खर्च आप्पांनी उचललाय, कोणी न सांगता.

११ जुलै

पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. फाइलच्या प्रती: एक आप्पांकडे, एक धाकट्याकडे, एक नगरपालिकेत. नकाशाची आणि भिंतीच्या फोटोंची एक प्रत अक्कांकडे, कारण भिंत त्यांचीही आहे आणि उद्या हे घर विकलं गेलं तरी त्यांच्या हातात कागद असायला हवा. नकाशावर तुळईच्या वर लाल शाईत लिहून दिलंय: या रेघेवर वर भिंत नाही, छत स्लॅबचं नाही.

उरलेली कामं: वरच्या खोलीचे गज, चौकातल्या पन्हाळीला जाळी, घरपट्टीत नव्या खोलीची नोंद. मिस्त्रीने गल्लीतल्या दुसऱ्या एका घराची चौकशी आणलीय, तिथेही मधली भिंत काढायचीय. अजून फोडलेली नाही. आराखड्यासाठी सोमवारी मोजमाप घ्यायला जाते.

काचांची पुढची तपासणी ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस ओसरून काळी माती आकसायला लागली की. पायाचा खरा निकाल तेव्हाच कळेल.